खारफुटीतला कचरा आणि रविवारचा गट: नवी मुंबईतलं एक प्रकरण

नवी मुंबईतल्या खाडीकाठच्या एका सेक्टरमध्ये रविवारी सकाळी खारफुटीतला कचरा काढणारा एक गट आहे. गटाचं नाव, सेक्टरचा नंबर आणि शेजारच्या गावाचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. काही तपशील आसपासच्या तशाच गटांकडून घेऊन या एका प्रकरणात बसवले आहेत, कारण अडचणी बहुतेकांच्या सारख्याच आहेत. प्रश्न असा: दोन वर्षं इमानेइतबारे कचरा उचलूनही खारफुटी होती तशीच का राहिली, आणि नंतर असं काय झालं की ती थोडी तरी सुधारली?

जागा

ठाणे खाडीच्या पूर्व काठावर तिवरांची, म्हणजे खारफुटीतल्या मुख्य झाडांची, दाट रांग आहे. तिच्यापुढे चिखलाचे सपाट पट्टे, आणि त्या चिखलावर साधारण नोव्हेंबर ते मे फ्लेमिंगो चरतात. खाडीचा 1,690 हेक्टर भाग 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेली. त्याच काठावरच्या नवी मुंबई शहराने 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरा क्रमांक मिळवला. रस्त्यावरून जाणाऱ्याला हा क्रमांक पटतो. तिवरांत शिरलेल्या माणसाला वेगळंच दिसतं. तिवराची मुळं हवा घ्यायला चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली असतात आणि त्या प्रत्येक मुळाला काही ना काही अडकलेलं असतं: दुधाची पिशवी, वेफर्सचं पाकीट, चप्पल, थर्माकोलचा तुकडा, गाठ मारलेली निर्माल्याची पिशवी. असा थर साचला की मुळं गुदमरतात आणि झाड हळूहळू वाळतं.

इथल्या पाण्याची व्यवस्था समजून घ्यावी लागते, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. नवी मुंबईचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली येतो. म्हणून शहर वसवताना सिडकोने, म्हणजे शहर उभारणाऱ्या सरकारी महामंडळाने, नाल्यांच्या तोंडाशी धारण तलाव बांधले. रहिवासी त्यांना होल्डिंग पॉण्ड म्हणतात. भरतीच्या वेळी खाडीकडची झडप बंद होते आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं. ओहोटी लागली की झडप उघडते आणि साठलेलं पाणी खाडीत जातं. त्या पाण्याबरोबर नाल्यातलं सगळं जातं. यातल्या कित्येक तलावांत आता गाळ भरला आहे, गाळावर तिवरं उगवली आहेत, आणि उच्च न्यायालयाच्या 2005 आणि 2018 च्या आदेशांमुळे तिवराला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. आदेश योग्यच आहेत, त्यांच्यामुळे काठ वाचला. पण गाळ काढणं त्यामुळे सोपं राहिलेलं नाही, हेही खरं.

सेक्टरच्या भिंतीपलीकडे मूळ गावठाण आहे, आगरी-कोळ्यांचं. मार्च 1970 मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी शहरासाठी गेल्या. जानेवारी 1984 चं दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, त्यात गोळीबारात गेलेले पाच शेतकरी, त्यानंतर आलेली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. ‘गरजेपोटी बांधलेली घरं’, म्हणजे कुटुंब वाढलं म्हणून परवानगीशिवाय उभी राहिलेली घरं, हा शब्दप्रयोग तिथल्या शाळकरी पोरालाही येतो. सेक्टरमध्ये मात्र बरेच जण पुण्याहून, साताऱ्याहून, दादर-गिरगावातून आलेले. त्यांना हा इतिहास ऐकून माहीत असतो, बहुधा अर्धाच. त्यामुळे छापील टी-शर्ट घातलेले तीसेक लोक ‘आपली खाडी वाचवू या’ असा फलक घेऊन जेट्टीवर उभे राहिले, तेव्हा गावाने लांबून बघितलं आणि आपापल्या कामाला गेलं.

पहिली दोन वर्षं

गट सुरू झाला तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून. निवृत्त बँक कर्मचारी, दोन शिक्षिका, एक दंतवैद्य, आयटीतली काही तरुण जोडपी. पुढे जवळच्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं जोडली गेली. त्यांना वर्षाला 120 तास भरायचे असतात आणि खाडीवरचे तास वर्गातल्या तासांपेक्षा लवकर जातात.

पद्धत ठरलेली होती. रविवारी सात वाजता जमायचं, हातमोजे वाटायचे, दोन तास कचरा काढायचा, पोती भरून काठावर रांगेत लावायची, रांगेसमोर फोटो काढायचा, पोहे खायचे आणि घरी जायचं. पोती न्यायला गाडी येई, ती फोन करून ठरवलेली असे. दर आठवड्याला पोत्यांचा आकडा ग्रुपवर पडे आणि अंगठे येत. आकडा वाढला की लोक खूश होत. वाढत्या आकड्याचा अर्थ कचरा कमी होत नाहीये असाही होतो, हे बोलून दाखवणारी एकच बाई होती. एका शाळेत गणित शिकवणारी. तिचं म्हणणं हसण्यावारी गेलं.

खरं तर या काळात नुकसानही झालं. तीस माणसं वाटेल तिथून आत शिरली की श्वसनमुळं पायाखाली मोडतात. पावसाळ्यात तिवराची फळं गळून चिखलात रुजतात, आणि मुळांवरची पिशवी जोर लावून ओढली तर तिच्याबरोबर दोन पानांचं रोपही उपटून येतं. गमबूट आणले होते, ते चिखलात रुतून बसले. पाय वर आला, बूट खालीच. घट्ट लेसचे जुने बूट जास्त उपयोगी पडतात, हे पुढे कळलं. काचेने दोघांचे हात कापले, मग धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याशिवाय आत जायचं नाही असा नियम झाला. वापरलेल्या सुया सापडतात, त्या हातात न धरता चिमट्याने उचलून वेगळ्या डब्यात टाकायच्या, हा दंतवैद्यांचा हट्ट. तो पहिल्या दिवसापासून पाळला गेला आणि तेवढं एक मात्र नीट झालं.

मग पावसाळ्यातला तो रविवार आला. अमावास्या होती. भरपूर माणसं, भरपूर पोती, उत्तम फोटो. गाडी आली नाही. ती का आली नाही याची तीन वेगवेगळी कारणं मला ऐकायला मिळाली, त्यांत शिरण्यात अर्थ नाही. पोती काठावरच राहिली. दुपारी एकच्या आसपास उधाणाची भरती आली आणि निम्मी पोती पाण्यात गेली. काहींची तोंडं सुटली आणि सकाळी काढलेला कचरा संध्याकाळपर्यंत पुन्हा तिवरांत जाऊन बसला, जिथून काढला त्याच्याही आत.

तिथी

दुसऱ्या दिवशी दोघं-तिघं उरलेली पोती बघायला गेले. जेट्टीवर एक म्हातारे कोळी जाळं सांधत बसले होते. ते म्हणाले, “तुमी आयतवार बगून येता. आमी तिथ बगून जाताव.”

या एका वाक्यावर गटाचं अर्धं वेळापत्रक उभं राहिलं, म्हणून हिशोब सविस्तर देतो. कोकणकिनाऱ्यावर भरतीची वेळ काढायची जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट करायची, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरावी धरून सव्वाअकरा. तीच भरती सुमारे साडेबारा तासांनी पुन्हा येते आणि दोन भरत्यांच्या मध्ये ओहोटी. ठाणे खाडीत पाणी आतपर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे वाशीच्या वर अजून थोडं उशिरा धरायचं. अंदाज ढोबळ आहे, पण होडी काढायला पुरतो.

आता सकाळी काम करणाऱ्या गटाला हा हिशोब लावून बघा. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटे असते. सात वाजता लोक जमतात तेव्हा पाणी चढायला लागलेलं असतं, आणि ते उधाणाचं पाणी, म्हणजे काठ ओलांडून आत येणारं. अष्टमीला सात वाजता पाणी नुकतंच भरलेलं असतं. भरती भांगाची, म्हणजे कमी उंचीची, असल्यामुळे ते फार वर येत नाही, पण खालचा पट्टा उघडा पडत नाही. सकाळी साडेआठ-नऊला पूर्ण ओहोटी हवी असेल तर तृतीया-चतुर्थी गाठावी लागते. म्हणजे महिन्यातली सगळ्यात चांगली सकाळ कुठली, तर संकष्टीची आणि विनायकीची. गटातल्या एक काकू संकष्टी करतात. त्या म्हणाल्या, “उपास आणि चिखल एकाच दिवशी? बरं, चंद्रोदयापर्यंत अंघोळ होईल.”

अडचण उघड होती. संकष्टी काही रविवार बघून येत नाही. मोबाईलवर भरती-ओहोटीचे तक्ते मिळतात, ते आधीही मिळत होते, फक्त कुणी उघडले नव्हते. आता उघडले आणि त्यात दिसलं की रविवारच्या निम्म्या सकाळी चिखलात उतरण्याच्या लायकीच्याच नाहीत. तेव्हा गटाचे दोन भाग झाले. निवृत्त लोक, घरी असणाऱ्या बायका आणि पाळीत काम करणारे काही जण चतुर्थीच्या आसपास, वार कुठलाही असो, चिखलात उतरणार. रविवारची मंडळी पाणी सोयीचं असेल तरच उतरणार, नाहीतर काठावरची दुसरी कामं करणार. दुसरी कामं म्हणजे काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्यात महत्त्वाचं काम तिथेच निघालं.

जुलै ते ऑक्टोबर तिवरांच्या आत जायचं नाही, फक्त कडेने काढायचं, हेही याच वेळी ठरलं. आत जायला दोन ठरलेल्या वाटा, त्या वाटा गावातल्या चिंबोऱ्या धरणाऱ्या पोरांनी दाखवल्या. खारफुटीची सरकारी जमीन राखीव वन असल्यामुळे वनविभागाच्या कांदळवन कक्षाला कळवून जायचं, तेही पत्राने. हे सगळं एका महिन्यात झालं. दोन वर्षं रखडलेल्या गोष्टी गावाशी पहिलं बोलणं झाल्यावर महिन्यात होतात, यात मला आश्चर्य वाटत नाही. आश्चर्य याचं वाटतं की दोन वर्षं कुणी जेट्टीवर बसलेल्या माणसाला काही विचारलंच नाही.

कचरा येतो कुठून

गणिताच्या बाईंनी पुन्हा जुना मुद्दा काढला. पोती मोजण्यापेक्षा कचरा परत किती दिवसांत येतो ते मोजू या. दोन पट्टे ठरवले. एक नाल्याच्या तोंडाशी, दुसरा तिथून लांब, उघड्या खाडीकडे तोंड असलेला. दोन्ही पूर्ण साफ केले आणि दर पंधरवड्याला नुसते बघितले. फोटो काढायचे, आलेला कचरा वेगळा करायचा, वहीत लिहायचा.

दोन्ही पट्टे भरले, पण वेगवेगळ्या मालाने. खाडीकडच्या पट्ट्यावर चपला, थर्माकोल, पाण्याच्या बाटल्या, ट्यूबलाइट. हा माल तरंगत लांबून येतो, मुंबईकडून, वरून, पुलावरून टाकलेल्या निर्माल्यातून, आणि गट त्याचं फारसं काही करू शकत नाही. नाल्याकडच्या पट्ट्यावर गाठ मारलेल्या घरगुती पिशव्या, भाजीचा पाला, लंगोट, औषधांच्या पट्ट्या, आणि हा पट्टा पावसाळ्यात दुसऱ्याच्या कितीतरी आधी भरत होता. गाठ मारलेली पिशवी फार लांबून अखंड येत नाही. ती जवळची असते.

मग रविवारच्या मंडळींनी नाल्याच्या काठाने उलटं चालायला सुरुवात केली, खाडीकडून वस्तीकडे. मला विचाराल तर या प्रकरणातला सगळ्यात कामाचा भाग हा, आणि त्याचा एकही फोटो ग्रुपवर पडलेला नाही.

चालताना जे दिसलं त्याने दोन्ही बाजूंची समजूत मोडली. सेक्टरच्या लोकांना खात्री होती की कचरा गावठाणातून येतो. गावाला खात्री होती की सेक्टरवाले माजलेत. प्रत्यक्षात नाल्याला कचरा मिळत होता चार ठिकाणांहून. आठवडी बाजार उठल्यावर उरलेला पाला आणि पातळ पिशव्या थेट नाल्यात लोटल्या जात होत्या. राज्यात 2018 पासून प्लास्टिक बंदी आहे, पण त्या बाजारात ती कधी पोचलीच नव्हती. दोन सोसायट्यांचा माळीकाम करणारा ठेकेदार झाडांची छाटणी रात्री नाल्यात टाकत होता. या सोसायट्यांपैकी एकीचे सेक्रेटरी गटाचे सुरुवातीपासूनचे सदस्य, तेव्हा पुढची बैठक जरा लांबली. तिसरं ठिकाण म्हणजे घरांच्या दुरुस्तीचं डेब्रिस, म्हणजे राडारोडा, नाल्याच्या एका वळणावर. आणि चौथं, गावठाणातल्या काही गल्ल्या.

त्या गल्ल्यांबद्दल थोडं जास्त सांगतो. घंटागाडी गावठाणाच्या तोंडापर्यंत येई. आतल्या गल्ल्या एवढ्या अरुंद की गाडी वळत नाही. गाडीची वेळ सकाळी आठ-साडेआठची. एका मावशींनी उत्तर दिलं ते असं: “गारी येते तवा आमी बाजारान.” कोळणी पहाटेच माशाच्या टोपल्या घेऊन निघतात आणि दुपारी परत येतात. घरात त्या वेळी एकतर म्हातारं माणूस किंवा शाळेत निघालेलं पोर. माशाची घाण, डोकी, खवलं दुपारनंतर निघतात आणि ती उद्या सकाळपर्यंत घरात ठेवा असं कुणाला सांगून बघावं. नाला पाच पावलांवर. सेक्टरमध्ये सकाळी डबा दाराबाहेर ठेवला की काम होतं, म्हणून तिथल्या माणसाला हे अडाणीपणाचं वाटतं. गाडीची वेळ त्याच्या घड्याळाप्रमाणे लावलेली आहे, एवढाच काय तो फरक.

घनकचरा व्यवस्थापन नियम 2016 मध्ये आले, आणि घराघरातून वर्गीकृत कचरा गोळा करायची जबाबदारी त्यांनी स्थानिक संस्थेवर टाकली. गटाने या नियमाचा आधार घेऊन अर्ज लिहिला, पण अर्जात तक्रार नव्हती. अमुक गल्ली, रुंदी इतकी, घरं इतकी, कचरा निघायची वेळ दुपारी दोन ते चार, हातगाडी वळू शकते, ती उभी करायला जागा मंदिरामागे आहे आणि देवस्थानची हरकत नाही, एवढंच. खाली गावातल्या बायकांच्या सह्या आणि अंगठे. दोन पाठपुरावे झाले, एक अधिकारी बदलून गेले, नवीन आले त्यांना पुन्हा सगळं दाखवलं, आणि दुपारची हातगाडी सुरू झाली. त्या गल्ल्यांतल्या पिशव्या नाल्यात येणं जवळपास थांबलं. खारफुटीसाठी या गटाने जे काही केलं त्यात याच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि त्यासाठी कुणाचेही पाय चिखलात गेले नाहीत.

बाजाराचं थोडं झालं. माळ्याचं सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत भांडण होऊन झालं. डेब्रिसचं काही झालं नाही. रात्री टेम्पो येतो, नंबर प्लेटवर चिखल असतो आणि पुढे काय ते सगळ्यांना माहीत आहे.

जाळी

नाल्याच्या तोंडाला पूर्वी लोखंडी जाळी होती. ती आता नाही. गटाची पहिली मागणी अर्थातच ‘जाळी बसवा’. गावातून थंड प्रतिसाद. चार बैठकांनंतर कुणीतरी सांगितलं की जाळी गावानेच उचकटली होती. जोराच्या पावसात जाळी कचऱ्याने तुंबते आणि पाणी मागे गावठाणात शिरतं. 26 जुलै 2005 चा पाऊस पाहिलेल्या माणसाला याचं महत्त्व समजवावं लागत नाही. जाळी हवी असेल तर पावसाळ्यात ती रोज साफ व्हायला हवी, आणि रोज कोण करणार याचं उत्तर कागदावर कुठेच नव्हतं.

तोडगा गावातून आला. पाण्यावर तरंगणारा अडसर: प्रवाहात लावायच्या जुन्या डोल जाळ्यांचे तुकडे, रिकामे प्लास्टिकचे ड्रम, नायलॉनचा दोर. नाल्याच्या तोंडाशी तिरका बांधायचा. पाणी खालून जातं, वर तरंगणारा माल कडेला एका कोपऱ्यात गोळा होतो, भरतीबरोबर अडसर वर चढतो आणि ओहोटीला खाली येतो. अशा प्रकारचे महागडे तयार अडसर मोठ्या शहरांत नद्या-नाल्यांवर लावतात. इथला गावात बनला, आणि तो कुठे तिरका बांधायचा हे ज्यांनी आयुष्यभर त्या प्रवाहात जाळी लावली त्यांनी ठरवलं.

कोपऱ्यात गोळा झालेला माल दर दोन दिवसांनी होडीतून काढायला माणसं लागतात. इथे गट जवळजवळ फुटला. एका कंपनीने टी-शर्ट, टोप्या आणि बॅनरसाठी पैसे देऊ केले होते. गणिताच्या बाई आणि दंतवैद्य यांचं म्हणणं, ते पैसे गावातल्या दोन तरुणांना मानधन म्हणून द्यावेत. बाकीच्यांना हे रुचेना. “पैसे दिले की सेवा कसली?” हा प्रश्न मनापासून विचारला गेला होता आणि विचारणारे स्वतः पेन्शनर होते.

माझं मत या बाबतीत स्पष्ट आहे. पेन्शन चालू असताना दिलेली सकाळ आणि मासेमारी सोडून दिलेली सकाळ यांची किंमत एक नाही. कोळ्याची एक ओहोटी गेली की त्या दिवसाची मासळी गेली. त्याने ती फुकट द्यावी आणि आपण रविवारी दोन तास देऊन स्वयंसेवक म्हणवून घ्यावं, ही अपेक्षा संकोचाची आहे. जे काम रोजचं, नेमाचं आणि धोक्याचं असतं ते पगारावरच चालतं. स्वयंसेवकाने ते काम शोधून काढावं, सिद्ध करून दाखवावं आणि ते ज्याच्या कर्तव्यात बसतं त्याच्या अंदाजपत्रकात जाईपर्यंत नेट लावावा. गटाने शेवटी मानधन दिलं. कंपनीने पैसे कमी केले, कारण बॅनर दिसणार नव्हता. पाच-सहा जणांनी गट सोडला, त्यांतले दोन परत आले.

परवानगीचा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात उरकतो. नाला एका कार्यालयाचा, खारफुटी दुसऱ्याची, पाणी तिसऱ्याचं. तिघांनीही नाही म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. शेवटी ‘प्रायोगिक तत्त्वावर’ असं पत्र मिळालं, मे अखेरपर्यंतचं. पावसाळ्याच्या जोरात अडसर काढून ठेवायचा ही अट गावानेच सुचवली होती, म्हणून ती कुणाला जड गेली नाही.

निघालेल्या मालाचं काय होतं, हेही नोंदवायला हवं. चिखलाने भरलेलं प्लास्टिक भंगारवाला घेत नाही. धुवायला माणूस आणि पाणी लागतं आणि धुतलेल्या पिशवीची किंमत त्या पाण्याइतकीही येत नाही. बाटल्या आणि घट्ट प्लास्टिक वेगळं केलं तर विकलं जातं, बाकी सगळं पालिकेच्या गाडीत. ‘आम्ही खाडीतल्या प्लास्टिकचा पुनर्वापर करतो’ असं एखाद्या गटाच्या फलकावर दिसलं तर नेमकं कुठल्या प्लास्टिकचा, हे एकदा विचारून बघावं.

आता

नाल्याकडचा पट्टा पूर्वी पंधरवड्यात झाकला जाई, आता तेवढ्या वेळात चिखल दिसत राहतो. निवटे, म्हणजे चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे, परत दिसतात असं पोरं सांगतात, अर्थात ते आधी गेले होते की आपण बघत नव्हतो, सांगता येत नाही. खाडीकडचा पट्टा जवळपास होता तसाच आहे आणि तिथे चतुर्थीची मंडळी काम करत राहतात, कारण दुसरा इलाज नाही. रोपं लावायचा कार्यक्रम एका संस्थेने सुचवला होता. गटाने नम्रपणे नाही म्हटलं. जागा मोकळी राहिली आणि पाणी येतं-जातं राहिलं तर इथे तिवर आपोआप रुजतं, त्याला बॅनरसमोर कुणी लावावं लागत नाही.

कॉलेजच्या मुलांचे तास आता नाल्याच्या नोंदी, नकाशा आणि अर्ज लिहिण्यात मोजले जातात. सुरुवातीला त्यांच्या प्राध्यापकांना हे श्रमदानात बसतं का याची शंका होती. एका मुलीने माहिती अधिकारात नालेसफाईच्या ठेक्याची प्रत मागवली, ती वाचली, आणि कुठल्या महिन्यात किती वेळा गाळ काढायचा होता हे बैठकीत वाचून दाखवलं. त्यानंतर शंका कुणी काढली नाही.

अडसराचं पत्र संपलं आहे. नूतनीकरणाचा अर्ज दिला आहे, आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर नाही. मानधनाचे पैसे दिवाळीपर्यंत पुरतील. ते काम सफाईच्या ठेक्यात घालावं, असा प्रस्ताव तोंडी मान्य झाला आहे, लेखी नाही.

आणि गेल्या बैठकीत गावाने पहिल्यांदाच स्वतःहून विषय मांडला. जेट्टीपाशी इतका गाळ भरलाय की ओहोटीला होड्या चिखलात बसतात आणि कोळ्यांना तासन्‌तास पाण्याची वाट बघावी लागते. त्यासाठी गटाने पत्र लिहून द्यावं, अर्जाची भाषा तुमची बरी आहे. यावर तासभर वाद झाला. काहींचं म्हणणं, आपण खारफुटीसाठी जमलो, जेट्टी आपला विषय नाही, शिवाय गाळ काढताना तिवरांना धक्का लागला तर आपणच अडचणीत येऊ. संकष्टीवाल्या काकू म्हणाल्या की अडसर बांधायला आलेल्या पोरांनी तेव्हा हा आपला विषय आहे का असं विचारलं नव्हतं. पत्र लिहायचं ठरलं. मसुदा गणिताच्या बाई करणार आहेत, गाळ कुठवर काढायचा आणि तिवरांची हद्द कुठे धरायची हे आधी गावातल्या दोघांबरोबर होडीतून बघून घ्यायचं, आणि त्यासाठी येत्या पंचमीची सकाळ धरली आहे.